इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: माझ्याकडे खासगी वैमानिक परवाना आहे. ढग खाली आले की बेत रद्द करावा लागतो, म्हणून इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवरून विमान उडवण्याची परवानगी, घ्यायचं आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडू की कर्ज काढू?

उत्तर: दोन्ही नको. विमान उडवणं हा तुमचा व्यवसाय असता किंवा व्हायचा असता, तर कर्जाचा विचार झाला असता. तुमचा छंद आहे. छंदावर खुशाल खर्च करा, पण साठलेल्या पैशातून.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार या रेटिंगला पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी उड्डाण) आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट अनुभव लागतो. या ४० पैकी काही तास सिम्युलेटरवर भरता येतात, तेवढी बचत जरूर करा. फ्लाइंग स्कूल खर्च सांगते तो बहुधा या किमान तासांचा. किमान तासांत सगळ्यांचं भागत नाही, म्हणून मी दीडपट रक्कम धरून चालेन. पैसे संपून प्रशिक्षण मध्येच थांबलं तर बसलेला हात सुटतो आणि तेच धडे पुन्हा पैसे मोजून घ्यावे लागतात.

खरी मेख पुढे आहे. रेटिंग मिळालं तरी सराव विकत घेत राहावा लागतो. अमेरिकेत मागच्या सहा महिन्यांत सहा ॲप्रोच (उपकरणांवरून धावपट्टीकडे उतरत येणं) आणि होल्डिंग (आकाशात ठरलेल्या घिरट्या घालत थांबणं) झालेलं नसेल, तर आयएफआर, म्हणजे उपकरणांवरून उडण्याच्या नियमांखालचं, उड्डाण करता येत नाही. युरोपात रेटिंगचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शिवाय नियमापुरता सराव म्हणजे ढगात शिरण्याइतका आत्मविश्वास नव्हे. आणि एवढं करूनही गडगडाटी वादळ किंवा पंखांवर बर्फ धरणारे ढग दिसले, की लहान विमान जमिनीवरच राहणार. म्हणजे रद्द होणारे बेत कमी होतील, बंद होणार नाहीत.

सध्या तुम्ही महिन्याला किती तास उडता, हे पत्रात नाही. तेवढ्या उड्डाणांचा खर्चच जड जात असेल, तर रेटिंगचा विषय सोडून द्या. जात नसेल, तर वेगळं खातं उघडून प्रशिक्षणाची दीडपट रक्कम आणि पहिल्या वर्षाच्या सरावाचा खर्च त्यात साठवा. तोवर लेखी परीक्षेचा अभ्यास सुरू ठेवा, पण परीक्षा प्रशिक्षणाच्या तोंडावर द्या, कारण तिच्या निकालाला मुदत असते.

सगळी फी आगाऊ भरल्यास सूट देऊ केली, तरी भरू नका. स्कूल बंद पडलं तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. जेवढे तास उडाल तेवढ्याचेच द्या.