इंजिन नको, आधी झाकण उघडा

प्रश्न : माझी १०० सीसीची कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल १९९८ची आहे. दहा-बारा किलोमीटर झाले की बंद पडते. मग किक मारून पाय भरून येतात, पण चालू होत नाही. अर्धा तास उभी ठेवली की पहिल्या किकला सुरू! प्लग नवा टाकला, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. आता मेकॅनिक म्हणतात, इंजिन खोलावं लागेल. (टाकी फुल केली की जरा लवकरच बंद पडते असं वाटतं, पण तो भास असेल.) इंजिन खोलू द्यावं का?

उत्तर : नाही, इतक्यात नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, आणि वर त्याला भास म्हणताय.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार थांबत-थांबत येते, म्हणून आपण समोर दुसरं भोक पाडतो. टाकीचंही तसंच. पेट्रोल वजनाने खाली उतरतं, आणि जेवढं उतरलं तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. ते भोक गंजाने किंवा मातीने बुजलं की आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल अडतं. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, त्यामुळे ओढ लवकर बसते. अर्ध्या तासात कुठून तरी झिरपून हवा आत जाते, कार्ब्युरेटरचं वाडगं भरतं, आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते.

पुढच्या वेळी बंद पडली की किक मारत बसू नका. कान झाकणाजवळ नेऊन ते हळूच उघडा. हवा ‘स्स्’ करून आत गेली आणि मिनिटभराने गाडी सुरू झाली, की चोर सापडला. झाकण काढून भोक बारीक तारेने मोकळं करा, फुंकून बघा. झाकण सैल ठेवून गाडी चालवणं मात्र नको; गरम इंजिनावर पेट्रोल सांडेल.

हे मी अनुभवाने शिकलोय. एका पावसाळ्यात स्वतःच्याच गाडीचा कार्ब्युरेटर मी तीनदा उतरवला होता. पाणी टाकीत जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधली होती, तीही मीच. प्रत्येक वेळी काम करायला ती काढायचो, गाडी चालायची, खूश होऊन पिशवी परत बांधायचो.

आता, ‘स्स्’ झालंच नाही तर? मग तुम्ही लिहिलेलं नाही ते बघा : बंद पडते कशी? आचके देत, जीव जात-जात पडली तर पेट्रोलचा दोष. बटण दाबल्यासारखी एकदम पडली तर करंटचा. गाडी गरम असतानाच प्लग काढा (फडक्याने धरा, भाजतो). कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून लांब धरा, नाहीतर वाफ पेटेल. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर संशय इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी करंट वाढवते ती) किंवा मॅग्नेटजवळच्या पल्सर कॉइलवर (ठिणगी कधी पडायची ते सांगते ती). आतली बारीक तार तुटायला आलेली असते. तापली की सुटते, थंड झाली की टेकते. म्हणून गॅरेजमध्ये थंड गाडीवर मीटर लावला तर सगळं ठीकच दिसतं. कॉइल हेअर ड्रायरने तापवून मीटर लावायला सांगा.

ठिणगी चांगली असूनही गाडी उठत नसेल तर किक हाताने दाबून बघा. एरवीपेक्षा फारच मऊ जात असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) घट्ट झालेत, म्हणजे मधली फट उरली नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं. ही फट, म्हणजे गॅप, थंड इंजिनावर, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावायचा. त्यासाठीही इंजिन खोलावं लागत नाही.

प्रश्न : गरम गाडी बंद पडली तर चोक ओढून किक मारावी का?

उत्तर : नको. चोक थंड इंजिनासाठी. गरम इंजिनात जास्तीचं पेट्रोल जाऊन प्लग भिजतो. ओढून झाला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किका मारा. तरी नाही उठली तर प्लग काढून पुसा.