फारशी चर्चा न झालेली पण बघायलाच हवी अशी विनोदी मालिका कोणती?

माझं उत्तर जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो', आणि हे मी पंचविशीतल्या पोरांना मुद्दाम सांगतो कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. 1989 मध्ये दूरदर्शनवर लागायचा, एकूण फक्त 10 भाग, त्यामुळे दोन-तीन संध्याकाळीत सहज संपतो. मी सगळे भाग परत परत पाहिलेत म्हणून खात्रीने सांगतो, यातला मुख्य विनोद कोणाच्या दिसण्यावर, जाडीवर किंवा बायकोच्या नावाने नाहीये, तो सिस्टीमवर आहे. पीएचडीचा भाग आधी बघा, गाईड विद्यार्थ्याला रिसर्च सोडून स्वतःच्या घरची कामं करायला लावतो आणि बिचारा करतो पण, कारण सही त्याच्याच हातात. आज युनिव्हर्सिटीत असलेल्या कोणालाही दाखवा, लगेच पटेल. मग खोट्या मेडिकल बिलांचा आणि ऑफिसच्या मीटिंगचा भाग. भट्टी कुठेही ओरडत नाहीत, चेहरा एकदम साधा ठेवून बोलतात, तिथेच खरी मजा आहे, सोबत सविता भट्टी आणि विवेक शौक पण मस्त. प्रत्येक भागाच्या शेवटी जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन असतं, ते स्किप करू नका.

फक्त एक, प्रिंट जुनी आहे आणि वेग आजच्या मानाने संथ, शिवाय लँडलाईन फोनसारखे काही विषय ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना घरच्या मोठ्यांकडून समजून घ्यावे लागतील.