मशीन नको, आधी ग्राइंडर घ्या

प्रश्न: मी बेळगावच्या टिळकवाडीत राहते. दिवाळीत एस्प्रेसोचं छोटं मशीन घेतलं, कापुचिनोसाठी. पण कॉफी आंबट नि पाणचट लागते, कप दहा-बारा सेकंदातच भरतो, आणि दुधाचा फेस म्हणजे साबणाचे बुडबुडे. पूड फिल्टर कॉफीचीच वापरते, चिकोरीवाली, दूध गवळ्याकडचं म्हशीचं. मोठं मशीन घेऊ का?

उत्तर: ताई, मोठं मशीन अजिबात नको बघा. तुमचं दुखणं पुडीत आहे. फिल्टरची पूड एस्प्रेसोसाठी जाडी पडते, पाणी तिच्यातून पळत सुटतं, चव उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून आंबट. चिकोरी फिल्टरमध्ये छान, इथे नको. चिक्कमगळूर नि कोडगूच्या बिया आपल्याच राज्यात पिकतात की, पॅकेटवर भाजल्याची तारीख बघून महिन्याच्या आतल्या घ्या. आणि हाताने फिरवायचा, आत जात्यासारखी दोन चक्रं असलेला ग्राइंडर घ्या, एस्प्रेसोइतकं बारीक दळतो ना ते विचारूनच. मिक्सरमध्ये अर्धं पीठ, अर्धा रवा होतो.

सोबत मशीनमध्ये पूड भरायची जाळी एकेरी तळाची वापरा, दुहेरी तळाची नुसता दिखाऊ फेस काढते. 16 ग्रॅम पूड, कपात 32 ग्रॅमच्या आसपास कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. लवकर उतरली तर अजून बारीक दळा, थेंब थेंब पडायला लागली तर जरा जाड.

आता दूध. म्हशीचं चालतं, फेस जरा जड येतो पण गोडवा काय सुंदर लागतो! फक्त तापवलेलं दूध फ्रिजात पूर्ण गार करा, साय काढा, गाळून घ्या, सायीचा एक तुकडा जरी राहिला तरी फेस फाटतो. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या अगदी वरच्या थरात ठेवा, कागद फाडल्यासारखा चर्र चर्र आवाज आला पाहिजे, जग कोमट लागला की टोक थोडं खाली न्या नि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. जगला तळवा लावून धरवेना झालं की बंद, तेच साधारण 60 ते 65 अंश. मग जग ओट्यावर दोनदा आपटा, गोल फिरवा, दूध ओल्या ऑइल पेंटसारखं चकाकलं की लगेच ओता, थांबलात की फेस वेगळा होतो. नळी तिथल्या तिथे पुसा, दूध वाळलं की निघत नाही.

कप 150 ते 180 मिलीचाच हवा. चहाचा मोठा मग घेतलात तर ती दूध-कॉफीच होणार.