सासूबाईंचे हंडे, दोन ट्रंका आणि मनावरचा भार

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. सासूबाई प्रभूघरी गेल्या त्याला दोन वर्षं होत आली पण त्यांचं सामान आहे तिथंच आहे, माळ्यावर पितळेचे हंडे, घागरी, दोन ट्रंका भरून साड्या, सासरे प्रचारक होते त्यांच्या उपदेशाच्या वह्या, कसले कसले कागद. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, सगळ्याला बुरशी धरायला लागलीय. काढूया म्हटलं की मालक म्हणतात आईची आठवण आहे, राहू दे की. त्यात एका सभेत ऐकलं की जुन्या वस्तूंना शाप चिकटलेला असतो, जाळून टाका, तेव्हापासून माळ्याकडं बघायला पण भीती वाटते. मनाचं पण तसंच, फोनवर प्रार्थनेचे ढीगभर ग्रुप, रोज कुणाचा तरी उपास, साखळी प्रार्थना, आणि बायबल घेऊन बसलं की चित्त लागत नाही. जाऊबाईंशी मयतीपासून बोलणं नाही, ते असू दे. सामान टाकलं तर पाप लागेल काय?
— एक भगिनी

उत्तर : भगिनी, सलाम. पहिल्यांदा ती शापाची भीती काढून टाका. सभेत बहुतेक प्रेषितांची कृत्ये 19 चा आधार दिला असणार, इफिस शहरात पुस्तकं जाळली तो. ती जादूटोण्याची पुस्तकं होती, आणि ज्यांची होती त्यांनीच आपणहून आणून जाळली. ज्या हंड्यात पाणी तापवून सासूबाईंनी घरातल्या लेकरांना न्हाऊ घातलं त्याचा या गोष्टीशी काय संबंध?

आता तुम्ही "ते असू दे" म्हणून जे सोडून दिलंय ना, मला सगळं पत्र तिथंच अडकलेलं दिसतंय. त्या हंड्यांत जाऊबाईंचा वाटा आहे की नाही? वाटणी झाली नाही, बोलणं नाही, म्हणून सामान हलत नाही. मालक आठवण म्हणतात ते खरंच असेल, पण ट्रंक उघडली की भावाला फोन करावा लागणार हे त्यांना पण कळत असेल असं मला वाटतं. कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला आपण किती वेळा ऐकतो, पण येशूनं तो कशावरनं सांगितला ते कुणी सांगत नाही. लूक 12 उघडून बघा, गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी द्यायला सांगा, आणि त्यावर प्रभू लोभाबद्दल सावध करून हा दाखला देतो. म्हणजे मूळ विषय भावाभावांचाच आहे की!

म्हणून आधी माळा नको, आधी जाऊबाई. मत्तय 5 मध्ये तर वेदीपुढचं अर्पण पण तसंच ठेवून आधी समेट करायला जा म्हटलंय. मालकांशी बोलून दोघं मिळून त्यांच्या घरी जावा, फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. मयतीच्या वेळी कोण काय बोललं ते उकरू नका, आईंचं सामान काढायचंय, तुम्ही आल्याशिवाय हात लावणार नाही, तुम्हाला काय पाहिजे ते आधी बघा, एवढंच बोला. नाहीच आल्या तर त्यांचा वाटा नीट पुसून बाजूला ठेवा आणि बाकीचं काम चालू करा. रोमकरांस 12 मध्ये आपल्याकडून होईल तितकं शांतीनं राहा म्हटलंय, समोरच्याचं उत्तर आपल्या हातात नाही.

साड्या बोहारणीला देऊ नका, साड्या जाऊन स्टीलची भांडी येतील आणि माळा परत भरेल. धडक्या साड्या नेसणाऱ्या बाईला द्या, दोन अंगरखे असतील तर एक द्यावा हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं सांगितलंच आहे. पण फाटकं, कसर लागलेलं दान म्हणून देऊ नका. 2019 च्या ऑगस्टात गोकाक, चिकोडी, अथणीकडं पूर आला तेव्हा नेसत्या कपड्यानिशी घर सोडलेल्या माणसांना धडकं कापड आणि कोरडं अंथरूण पाहिजे होतं, आपल्या घरातली अडगळ नाही. जुन्या मऊ सुती साड्यांची एक वाकळ शिवून घ्या, मालकांना आईची आठवण अंगावर घेता येईल आणि ट्रंक पण रिकामी होईल. एक हंडा ठेवा, घासून वापरा. बाकीचे दोघी जावांच्या मतानं मोडीत घाला.

वह्या आणि कागद मात्र घाईनं रद्दीत घालू नका हं. पौल तुरुंगात, शेवट जवळ आलेला, तरी तीमथ्याला लिहितो की त्रोवसात राहिलेला झगा आण आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं आण. सगळंच टाकायचं असतं असं नाही. आपला भाग 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुनी खरेदीखतं, उतारे मराठीत असतात, काही तर मोडी लिपीत, आणि वाचता येत नाही म्हणून पोरं टाकून देतात. जाणत्या माणसाला दाखवा. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे दाखले वेगळे ठेवा. मंडळीचे जुने कागद निघाले तर पाळकांकडं द्या, बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 ला सुरू झालं, एवढ्या काळातलं किती काय असंच घराघरात पडून असेल.

राहिले ग्रुप. इब्री 12:1 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्यात, भार आणि पाप, आणि दोन्ही टाकायला सांगितलंय. ग्रुप पाप नाहीत, पण भार आहेत. आपल्या मंडळीचा एक ठेवा, बाकीच्यांतून बाहेर पडा, कारण द्यायची गरज नाही. ओळख ना पाळख अशा माणसासाठी नुसतं आमेन टाईप करण्यापेक्षा शेजारच्या आजारी बाईच्या उशाशी बसून नाव घेऊन प्रार्थना करा. दुसऱ्यानं सांगितलेले उपास पण थांबवा, तब्येत सांभाळा. आणि बायबल घेऊन बसल्यावर जाऊबाईंचा चेहराच समोर येत असेल तर तो बाजूला सारू नका, त्यांच्यासाठीच प्रार्थना करा.

पाऊस लागायच्या आत, मे महिन्यात पोरांना सुट्टी आहे तोवर जाऊन या. पाळकांना बरोबर न्यायचं असेल तर आधी मालकांना विचारा.