दोन दाराची गाडी म्हणजे कूपे का?

प्रश्न असा आलाय की दोन दारांच्या कारला मराठीत शब्द काय, कूपे म्हटलं तर चालतंय का, आणि थारला बाजूला दोनच दारं असताना तिला थ्री-डोअर का म्हणतात.

आमच्या सांगलीत सरळ ‘दोन दाराची गाडी’ म्हणतात. लिहिताना हवं तर ‘दारांची’ करा, बोलताना तो अनुस्वार कोण उच्चारतंय. दुपदरी, दुमजलीच्या चालीवर ‘दुदारी’पण होईल, व्याकरणात बसतंय, पण विश्रामबागच्या एखाद्या गॅरेजवाल्याला म्हणून बघा, तो विचारणार कुणाची उधारी?

कूपेची गोष्ट वेगळीये. फ्रेंचमध्ये कूपे म्हणजे कापलेला. घोडागाड्यांच्या काळात समोरासमोर बसायची मोठी बग्गी असायची, तिचा उलट्या तोंडाच्या सीटचा भाग कापून टाकला आणि दोघांपुरती छोटी बग्गी उरली ती कूपे, म्हणजे मुळात त्या शब्दात दाराचा संबंधच नाही. रेल्वेच्या फर्स्ट एसीत दोन बर्थच्या खोलीला कूपे म्हणतात तोपण हाच शब्द. अमेरिकन लोक ‘कूप’ म्हणतात, पण आपल्याकडं कूप म्हटलं की मंडूकच आठवतो, तेव्हा कूपेच बरं. पुढं कारमध्ये दोन दारं आणि मागं उतरतं छप्पर अशी गाडी म्हणजे कूपे असं रूढ झालं, तेही आता मोडलंय. मर्सिडीजनं 2004 मध्ये सीएलएस काढली ती चार दाराची, आणि टाटाची कर्व्ह तर कूपे एसयूव्ही म्हणूनच विकली जाते, तिलाही बाजूला चार दारं. उलट जुनी जिप्सी दोन दाराची, पण तिला कूपे म्हणणारा मला तरी भेटला नाही. थोडक्यात कूपे हा आकार आहे, दारं मोजायला तो शब्द वापरू नका.

आता थार. मागचं झाकण उघडल्यावर थेट आतल्या बैठकीतच हात जात असेल तर कंपन्या तेही दार धरतात, म्हणून थार थ्री-डोअर आणि 2024 ची थार रॉक्स फाइव्ह-डोअर. सेडानची डिकी आतून बंद असते, ती मोजत नाहीत. 1991 ची टाटा सिएरा याच हिशेबानं थ्री-डोअर, आपल्या लोकांच्या तोंडी दोन दाराची. आपल्याला मागचं ते डिकी नाहीतर फाळका, दार म्हणजे माणूस चढतो-उतरतो ते. त्यामुळं जाहिरातीचं भाषांतर करताना ‘तीन दाराची’ अजिबात करू नका, वाचणारा तिसरं दार शोधत बसेल, थ्री-डोअर तसंच ठेवा.