फर्नेसच्या ब्लोअरचा वेग कमी करू का? आधी थर्मामीटर लावा, मग वायरीला हात लावा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरातली गॅस फर्नेस (गॅस जाळून सगळं घर तापवणारं यंत्र) चालू असताना तिच्या ब्लोअरचा, म्हणजे गरम हवा डक्टमधून खोल्यांत ढकलणाऱ्या पंख्याचा, आवाज फार होतो, हीटिंग थांबल्यावरही दोन-तीन मिनिटं गार वारा अंगावर येत राहतो, तर फर्नेसच्या कंट्रोल बोर्डावरची वायर बदलून वेग कमी केला तर चालेल का? आणि थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑन'वर ठेवावा की 'ऑटो'वर?

गार वारा आणि आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत. गार वाऱ्यासाठी वेगाला हात लावायची गरजच नाही, म्हणून ते आधी संपवू.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की ब्लोअर लगेच फिरत नाही. आधी इंड्यूसर, म्हणजे धूर बाहेर टाकणारा छोटा पंखा, सुरू होतो. मग धूर नीट खेचला जातोय याची खात्री करणारा प्रेशर स्विच जुळतो, गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक तापतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. त्यानंतर साधारण ३० सेकंदांनी ब्लोअर येतो. तोवर हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग, तापलेला असतो, म्हणून पहिला झोत गरम लागतो. बंद होताना उलट क्रम. गॅस बंद झाला तरी धातूत उष्णता उरलेली असते, ती घरात यावी म्हणून ब्लोअर काही वेळ चालूच राहतो. हा वेळ बऱ्याच बोर्डांवर ६०, ९०, १२०, १८० सेकंद अशा पायऱ्यांत ठरवता येतो, कुठे डिप स्विचने (बोर्डावरची बारीक बटणं) तर कुठे जंपरने (दोन खुंट्या जोडणारी छोटी टोपी). तुमच्याकडे तो १८० वर असावा. ब्रेकर बंद करून एक पायरी खाली आणा आणि दोन दिवस बघा. एकदम ६० वर जाऊ नका, नाहीतर उरलेली उष्णता आतच अडकते.

आता वेग. हा आपल्या कानांच्या सोयीने ठरवायचा नसतो, हे मी चूक करून शिकलोय. रात्रीच्या आवाजाला कंटाळून मी हीटिंगची वायर एक पायरी खालच्या वेगावर लावली. दोन दिवस छान शांतता. तिसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली आणि घर तापेना. फर्नेससमोर बसून बघितलं तर बर्नर काही मिनिटं जळून विझायचे, ब्लोअर मात्र फिरत राहायचा, आणि थोड्या वेळाने बर्नर पुन्हा पेटायचे. थर्मोस्टॅट तर अखंड उष्णता मागत होता. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून दाराच्या आतल्या तक्त्याशी ताडून पाहिलं: लिमिट स्विच, म्हणजे फर्नेस अति तापली की बर्नर बंद करणारा स्विच, उघडलेला. थर्मामीटर लावला तेव्हा रिटर्नची (घरातून फर्नेसमध्ये परत येणारी) हवा ६६ अंश फॅरनहाइट होती, आणि सप्लायची (तापून घरात जाणारी) १३८ ला पोचली की बर्नर विझत होते. फरक ७२ अंशांचा. माझ्या फर्नेसच्या प्लेटवर लिहिलेली मर्यादा ३५ ते ६५.

हाच आकडा महत्त्वाचा. फर्नेसच्या दाराआड एक प्लेट असते, तिच्यावर 'टेंपरेचर राइज' म्हणून दोन अंक असतात. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांतला फरक त्या दोन अंकांच्या मध्ये राहिला पाहिजे, जमलं तर मध्याच्या आसपास. वेग फार कमी झाला की फरक वाढतो, हीट एक्स्चेंजर पुन्हा पुन्हा अति तापतो आणि कालांतराने त्याला तडा जाऊ शकतो. वेग फार वाढवला की फरक घटतो, हवा कोमट लागते, आणि साध्या ८० टक्केवाल्या (गॅसची ८० टक्के उष्णता घरात देणाऱ्या) फर्नेसमध्ये धुरातली वाफ आत जमून पत्रा गंजतो.

मोजायचं असं. फिल्टर स्वच्छ, घरातल्या हवा येण्या-जाण्याच्या सगळ्या जाळ्या उघड्या, फर्नेसची दोन्ही दारं लावलेली. पंधरा मिनिटं सलग हीटिंग चालू द्या. एक थर्मामीटर रिटर्न डक्टमध्ये फर्नेसजवळ, दुसरा सप्लाय डक्टमध्ये दीड-दोन फूट पुढे, शक्यतो वळणानंतर. हीट एक्स्चेंजरच्या थेट समोर धरलात तर तापलेल्या धातूची धग त्याला लागते आणि आकडा फुगतो.

वेग आणि तापमानाचं नातं साध्या भागाकाराचं आहे. ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक) ८० टक्केवाली फर्नेस तासाला ६४,००० बीटीयू घरात देते. त्याला १.०८ (हवेसाठीचा ठरलेला गुणक) गुणिले तापमानातला फरक याने भागा. फरक ५० असेल तर मिनिटाला सुमारे १,१८५ घनफूट हवा वाहते आहे. फरक ७२ असेल तर जेमतेम ८२३. माझ्या एका वायरीने एवढी हवा गिळली होती.

म्हणजे आवाज सोसायचाच का? नाही. पण आवाजाचं मूळ बहुतेक वेळा ब्लोअरमध्ये नसतं, हवा कोंडण्यात असतं. एक इंच जाडीचा, मर्व्ह १३ सारखा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा) फार बारीक फिल्टर, न वापरत्या खोल्यांच्या बंद केलेल्या जाळ्या, अपुरा रिटर्न डक्ट. फिल्टर काढा, दार नीट लावा आणि दोन मिनिटं चालवून ऐका. शिट्टीसारखा आवाज गेला तर दोष सापडला. फिल्टर लगेच परत बसवा आणि त्या जागी कमी अडवणारा किंवा जास्त जाडीचा शोधा. जाळ्याही उघडा. त्या बंद करून गॅस वाचत नाही, दाब तेवढा वाढतो. ब्लोअरच्या चाकाच्या वाकड्या पात्यांत धूळ थापली गेली असेल तरी हवा घटते. टॉर्च मारून बघा, पात्याची खोबण दिसत नसेल तर सफाई हवी.

मोटर कोणती आहे तेही बघा. अमेरिकेत ३ जुलै २०१९ पासून बनलेल्या फर्नेसना पंख्याच्या विजेचा कडक नियम लागू आहे, त्यामुळे नव्या फर्नेसमध्ये बहुधा ईसीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग सांभाळणारी, कमी वीज खाणारी मोटर असते. त्यातल्या ठरावीक हवा राखणाऱ्या मोटरीचा स्वभाव ध्यानात ठेवा: वाट अडली की ती हार मानत नाही, आणखी जोराने फिरते. फिल्टर भरला की तिचा आवाजही वाढतो आणि वीजही जास्त लागते. तिचा वेग डिप स्विचने ठरतो. वीज बंद करून बदला, कारण बरेच बोर्ड नवी सेटिंग वीज परत आल्यावरच वाचतात.

जुन्या पीएससी मोटरीला (कपॅसिटरवर चालणारी साधी, ठरावीक वेगांची मोटर) वेगाच्या रंगीत वायरी असतात. बहुतेकदा काळी सर्वांत जलद, लाल सर्वांत संथ, निळी-पिवळी मधल्या. पण रंगावर विसंबू नका, दारावरचा नकाशाच खरा. बोर्डावर 'हीट' आणि 'कूल' वेगळे असतात, तुम्हाला फक्त 'हीट'ची बदलायची आहे. एसीला टनामागे साधारण ४०० घनफूट हवा लागते, ती बिघडवू नका. न लागणाऱ्या वायरी 'पार्क'च्या खुंट्यांवर लावा किंवा टोकं नीट झाका. मोटर फिरताना त्यांच्यातही विजेचा दाब असतो. दोन वेगांच्या वायरी एकत्र जोडल्या तर मोटर जळते. आणि ब्रेकर बंद केला तरी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो, त्याला बोट लावू नका.

फॅनचं उत्तर छोटं आहे: 'ऑटो'. 'ऑन'वर बर्नर बंद असतानाही वारा येत राहतो, म्हणजे तुमचीच तक्रार दिवसभर. शिवाय उन्हाळ्यात एसीच्या गार कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि घर दमट होतं. एक खोली तापते नि दुसरी गारठते असं असेल, किंवा धुळीसाठी हवा सतत गाळायची असेल, तेव्हाच 'ऑन'चा विचार करा.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ब्लोअरच्या दारामागचा स्विच चिकटपट्टीने दाबून फर्नेस चालवू नका. दार उघडं असेल तर ब्लोअर आजूबाजूची हवा खेचतो, आणि तिच्याबरोबर जळलेल्या गॅसचा धूरही घरभर पसरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म चालू आहे ना, ते वायरीच्या आधी तपासा. दुसरं, ज्योतीकडे बघा. ब्लोअर सुरू होताच ती थरथरू लागली किंवा बाजूला झुकली, तर हीट एक्स्चेंजरला भोक पडल्याची शंका घ्या, फर्नेस बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. त्या दिवशी वेगाबिगाचा विषय नको.

ज्योत स्थिर असेल तर प्लेटवरचे दोन अंक, तुम्ही मोजलेली दोन्ही तापमानं आणि फिल्टरची जाडी इथे लिहा. दारावरच्या नकाशाचा फोटोही टाका, मग कोणती वायर हलवायची किंवा हलवायचीच नाही, ते बघून सांगतो.