आधी पंचनामा, मग चकवा

नौपाडा, ठाणे
मंगळवार, पहाटे

प्रिय बाळा,

तुझ्या रहस्यकादंबरीची अकरा प्रकरणं रात्री सव्वादोनला वाचून संपवली आणि झोप उडाली ती उडालीच. प्रकरणांपेक्षा जास्त उडवली ती सोबतच्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळींनी. "बाई, आठ महिने या कट शोधणाऱ्या मंडळींत बसतोय. आता रात्री गच्चीवर गेलो की पारसिकच्या डोंगरावरचे दिवे मलाही मोजावेसे वाटतात. भूत खरं ठेवू की खोटं, काही कळेनासं झालंय." फोन करणार होते, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून कागदावर.

लिहितोस कसं ते तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. घणसोलीची गच्ची, शनिवारचा चहा, प्रत्येकाच्या पिशवीत आपापली फाइल, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. चौथ्या प्रकरणापर्यंत. तिथे ऐरोली पुलाजवळ खाडीच्या चिखलात त्यांच्यातलाच एक माणूस मेलेला सापडतो आणि दुसऱ्याच पानावर तुझा गुप्तहेर, तो निवृत्त एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक), सिगारेट पेटवून म्हणतो, "हे माणसाचं काम नाही."

त्याला कसं कळलं? प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला होतं? चिखल गुडघ्यापर्यंत होता की कानात गेला होता? शर्ट ओला होता की वाळून कडक झालेला? हातातलं घड्याळ चालू होतं का? मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. माझ्या बोटांखालून किती मरणोत्तर पंचनामे गेले त्याची गणती नाही. त्यातल्या कुठल्याही फाटक्या पंचनाम्यात तुझ्या या चार पानांपेक्षा जास्त भीती असते, कारण तिथे कोणी भीती घालायला बसलेलं नसतं. "मयताच्या उजव्या मुठीत गवताच्या तीन काड्या." एवढंच. अंगावर काटा येतो.

म्हणून पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच: आधी पंचनामा. दिसलं ते आधी, त्याचा अर्थ नंतर. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

साक्षीदार पिंजऱ्यात आला की बचावाचे वकील एक प्रश्न हमखास टाकायचे: "तुम्ही स्वतः पाहिलंत, की तुम्हाला कोणी सांगितलं?" भले भले तिथे अडखळत. खोटं बोलत असत म्हणून नव्हे. सांगितलेलं आणि पाहिलेलं त्यांच्या डोक्यात एकजीव झालेलं असे. तुझ्या गच्चीवरच्या मंडळींचं तेच झालंय आणि आता तुझंही व्हायला लागलंय. क्लाउस कोनराड नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1958 साली या अवस्थेला नाव दिलं, अपोफेनिया. सुट्या गोष्टींत संबंध दिसू लागतात आणि ते सगळे संबंध आपल्याकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे त्याला फार जुना, फार नेमका शब्द आहे: चकवा. माणूस रात्रभर चालतो, वाट ओळखीची वाटते, आणि दर वेळी त्याच बाभळीपाशी येऊन उभा राहतो. तुझ्या हाताशी हे भूत असताना तू त्या परदेशी सावल्या कशाला आणल्यास? कटाच्या मागे लागलेल्या माणसाला चकव्याइतकं शोभणारं भूत दुसरं नाही. आमची आजी सांगायची, चकवा लागला की चालायचं थांबावं, असशील तिथे बसावं, उजाडू द्यावं.

आता तुझ्या चपला. तुझी सगळ्यात चांगली कल्पना तीच, आणि तू ती दीड ओळीत उरकलीस याचा मला राग आला. प्रेत पुलाच्या दक्षिणेला, आणि मयताच्या रबरी चपला अर्धा किलोमीटर वर, ठाण्याच्या बाजूला. गच्चीवरचे म्हणतात, चपला चालत गेल्या. अरे, मग तुझा एपीआय दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या एखाद्या कोळ्याकडे का जात नाही? तो एका वाक्यात सांगेल. तिथीची पाऊणपट कर, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर साधारण सहा. मयत घरून चारला निघाला होता, म्हणजे पाणी चढत होतं, आणि आपल्या खाडीत भरतीचं पाणी वाशीकडून ठाण्याकडे चढतं. चपला तरंगत वर गेल्या. झालं. यात भूत नाही.

पण त्या जोडीने ठेवलेल्या होत्या, असं तूच लिहिलंयस. शेजारी शेजारी, अंगठे गावाकडे. पाणी चपला वाहून नेतं, जोडी लावून ठेवत नाही. आता सांग, कुठे जास्त भीती वाटते? भरतीचं गणित मांडण्याआधी की नंतर? पंचनाम्याने शंभरातल्या नव्व्याण्णव गोष्टी मार्गी लावल्या की जी एक उरते, तिथेच तुझं भूत राहतं. बाकीच्या नव्व्याण्णव तू आळसाने त्याच्या नावावर चढवल्यास तर वाचक त्या एकीवरही विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक, रागानेच सांगते. तुझा नायक मयताचा मोबाइल सरळ खिशात टाकतो. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. तो निवृत्त आहे, त्याला तर हातही लावता येत नाही. आणि हद्द? पुलाचं ऐरोलीकडचं टोक नवी मुंबई पोलिसांचं, मुलुंडकडचं मुंबईचं, वर विटाव्याकडे सरकलास की ठाण्याचं. एका खाडीवर तीन आयुक्तालयं. ओहोटीबरोबर पुरावा हद्द ओलांडतो आणि कागद अडकून पडतात. तुझ्या मंडळींना नेमकं हेच दडपादडपीसारखं दिसेल. एवढी ऐवजदार जागा तू फुकट घालवतोस.

भूत खरं की खोटं, या प्रश्नाकडे येते. विक टँडी नावाचा इंग्रज अभियंता कॉव्हेंट्रीच्या प्रयोगशाळेत रात्री एकटा बसला होता. घाम फुटला, मन खचलं, डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती उभी राहिली. वळून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी त्याने तलवारबाजीचं पातं शिकंज्यात धरलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. त्या माणसाने काय केलं बघ. तो पळाला नाही, आणि आपल्याला भास झाला असंही म्हणाला नाही. कुठे जास्त थरथरतं, कुठे कमी, हे त्याने खोलीभर पातं फिरवून तपासलं. शेवटी नव्या पंख्यापाशी पोचला. सेकंदाला सुमारे 19 कंपनं, कानाला न येणारी. पंख्याची बसवण बदलली आणि पातं शांत झालं. 1998 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. तुझा गुप्तहेर असा हवा. थरथरणारं पातं हातात घेऊन अंधाऱ्या खोलीत पुढे जाणारा. पंखा सापडला तर पंखा. नाही सापडला, तर वाचकही त्याच्याबरोबर त्या कोपऱ्यात उभा असेल. आधी पंचनामा.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. मी आमच्या आळीतल्या देवळात रांगेत उभी होते, वाटी आणि चमचा घेऊन. भक्तीने उभी होते, खोटं का सांगू. चमच्यातलं दूध सरसरून कमी झालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नंतर वैज्ञानिकांनी दुधात रंग घालून दाखवलं, ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली वाहत होतं. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच की माझी नजर पूर्ण वेळ सोंडेवर होती, एकदाही पायाशी गेली नाही.

तुझ्या मंडळींची टिंगल मात्र करू नकोस. सातव्या प्रकरणात केली आहेस. तो चष्मेवाला काका, दोन हजारांच्या नोटेत चिप आहे म्हणून ती फडक्यात गुंडाळून ठेवणारा. ते पान फाड. 2016 मध्ये ती गोष्ट कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांनी मला छातीठोकपणे सांगितली होती. सहाव्या प्रकरणातली तुझी आजी बघ, "आमच्या पायाखालची जमीन एका रात्रीत नकाशावर गेली" म्हणणारी. ती खरी आहे. 1970 पासून 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये उरणला मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. ज्या घराने हे पाहिलं त्या घरातल्या नातवाला सगळं वरून ठरतं असं वाटलं, तर तो वेडा कसा? संशयाला इथे मुळं आहेत. तो कुठे खरा आणि कुठे भरकटला, हे वेगळं करणं हेच तुझ्या गुप्तहेराचं काम. आणि भरकटला की काय होतं तेही विसरू नकोस. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती, आणि भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. त्या जमावातल्या कोणाला एका माणसाने जरी विचारलं असतं, "तू पाहिलंस का?"

हे सगळं तुला इतक्या तळमळीने का सांगते, तेही लिहून टाकते.

माझा थोरला भाऊ वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात टर्नर होता. 1986 मध्ये कारखाना बंद पडला. दादा वही घेऊन बसायला लागला. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. मालकाने चाळीत पावडर फवारली म्हणून सगळ्यांना ताप येतो, युनियनचा पुढारी बदलून त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आणलाय, असलं काही सांगायचा. मी तेव्हा दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहायचे. 1988 ला एक कथा दिली, खिडक्यांना कागद चिकटवणाऱ्या वेड्या टर्नरची. लोक हसले, संपादकांनी दीडशे रुपये पाठवले. दादा अंक घेऊन घरी आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हसले का लोक?" चहा न घेता गेला. त्यानंतर माझ्या उंबऱ्यावर तो आला नाही. 1997 मध्ये वारला.

वही वहिनीने दिली, दिवस झाल्यावर. पावडर होती, तोतया पुढारी होता. आणि त्याच शाईत, त्याच अक्षरात एकोणीस रात्रींचे ट्रकचे नंबर होते. वेळ, फाटक, कोणतं यंत्र लादलं, वॉचमन कोण. बंदची नोटीस लागायच्या दीड महिना आधीचे. कामगारांचा देण्यांचा दावा पुराव्याअभावी ढेपाळला होता. यंत्रं आधी हलवली हे कोणालाच दाखवता आलं नव्हतं. मी रोज कोर्टात बसत होते. वकिलांच्या टेबलापासून माझं मशीन सहा फुटांवर.

मी चौतीस वर्षांची होते, दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला, लिहायला रात्री अकरानंतरचा तास मिळायचा. ती कथा एका बैठकीत लिहिली, आणि तांत्रिकदृष्ट्या ती वाईट नव्हती, आजही मी तसं म्हणेन. वही वाचायला तेव्हा कोणी दिली नव्हती, हेही खरं. पण मी मागितलीही नव्हती. पंचनामा दादाने केला होता. पंचनामे टाइप करून पोट भरणाऱ्या मी तो उघडून पाहिला नाही, थेट निकाल छापला.

म्हणून अर्थाची घाई करणाऱ्यावर मी चिडते. भूत आहे म्हणणाऱ्यावर, आणि सगळा मूर्खपणा म्हणणाऱ्यावर तर जास्तच. दोघांनीही फाइल उघडलेली नसते. मला हट्टी म्हणतात, म्हणू देत.

आता तुझं. गच्चीवर जायचं थांबवू नकोस, पण वही घेऊन जा. दिवे मोज. किती, कोणत्या दिशेला, किती वाजता, किती मिनिटं. "विचित्र", "हालचाल", "इशारा" हे शब्द वहीत नकोत. पंधरा दिवस असं लिही. सोळाव्या दिवशी सकाळी, उजेडात, चहा पिऊन वाच. रात्री वाचायची नाही. तोवर मोबाइलवर त्यांचे निरोप बघू नकोस. आईला सांग की जेवायला हाक मारत जा, आणि हाक आली की ऊठ.

चौथं प्रकरण पुन्हा लिही. चपलांना पूर्ण पान दे. कोळ्याला बोलू दे, तिथीचं गणित त्याच्या तोंडी असू दे. सातवं फाडलंस की मला कळव. पुढच्या रविवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात चारला भेटू, तिथून चालत तळावपाळीला जाऊ, माझे गुडघे तेवढं चालतात.

दादाची वही मी आजवर कोणाला दाखवलेली नाही. रविवारी पिशवीत घालून आणेन. बाकावर बसून वाच, हवं ते उतरवून घे. घरी न्यायची नाही.

तुझी,
बाई